त्या घरात माणसं पाच होती

माझं अक्षर वाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले, तेही आश्रमशाळेत. त्यानंतर पेन्सिल हातात आली ती एकदम इथं अमेरिकेत, मोटेलमधल्या चादरींचा हिशेब लिहिताना. चुका असतील, त्याची माफी असावी. हे कोणी वाचणार नाही असं धरूनच लिहिते आहे. मला बोलता येत नाही. चार माणसं समोर आली की माझा आवाज घशातच राहतो. लिहिताना समोर कोणी नसतं.

त्या रविवारी माझ्या डोक्याला पिसं बांधली.

मिशिगनमधलं ट्रॉय नावाचं गाव. तिथं डॉक्टरसाहेबांचं घर. साहेब, त्यांची बायको म्हणजे बाई, दहा वर्षांची मुलगी शिल्पा आणि एक तान्हं बाळ. मी बाळाला सांभाळायला आणलेली. त्या दिवशी दहा-बारा मराठी माणसं जेवायला आली होती. मी खाली तळघरात बाळाची दुपटी मशीनमध्ये टाकत होते. वरून बाईंची हाक आली.

"अगं ए, वर ये जरा. हात पुसून ये."

वर गेले. शिल्पा हॉलच्या मधोमध उभी होती, हातात मोठा पांढरा पुठ्ठा. शाळेत तिला इथल्या मूळ लोकांवर प्रोजेक्ट करायचं होतं. रेड इंडियन म्हणायचे त्यांना सगळे. ते किती आहेत, कुठं राहतात, काय खातात. तिनं पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली होती आणि पाहुण्यांना वाचून दाखवत होती.

सोफ्यावर एक काका होते. नागपूरचे, मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर. मला बघून त्यांनी मांडीवर थाप मारली. "ही बघ, आली! अरे यार शिल्पा, लायब्ररीत कशाला जाते तू? तुझ्या बेसमेंटमध्येच ओरिजिनल माल आहे."

सगळे हसले. बाईंनी ओळख करून दिली. "कातकरी आहे ही. आदिवासी. पेणला माझ्या दिरांकडं कामाला होती."

एका काकूंनी विचारलं, "हे लोक उंदीर खातात ना गं?" विचारलं बाईंना. मी समोर उभी होते.

"इथं नाही खात," बाई म्हणाल्या. "इथं मिळायला नकोत?"

पुन्हा हसले. टेबलावर शिल्पानं केलेली लाल पुठ्ठ्याची पट्टी होती, पिसं लावलेली. काका उठले आणि त्यांनी ती माझ्या कपाळावर बांधली. मागं गाठ मारली. गाठीत माझे केस अडकले. "परफेक्ट! हलू नको." त्यांच्याकडं लगेच फोटो बाहेर येणारा कॅमेरा होता. फोटो आला. ओला होता तोवरच सगळ्यांच्या हातातून फिरला.

शिल्पा पेन्सिल घेऊन तयार होती. तिनं आईला विचारलं, "हाऊ मेनी ऑफ देम आर लेफ्ट?"

"तिलाच विचार."

शिल्पानं मराठी जुळवलं. "तुम्ही लोक... किती उरले?"

मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही, एवढंही तोंडातून निघालं नाही.

"घ्या," काका म्हणाले. "ह्यांचे आकडे ह्यांनाच माहीत नाहीत. आणि तिकडं सरकार ह्यांच्या नावानं पैसा वाटतं."

माझा फोटो शिल्पानं पुठ्ठ्यावर चिकटवला. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलं. मला तेव्हा इंग्रजी वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा शाळेत गेला. तो मी पुन्हा पाहिला नाही.

किती उरले. असाच प्रश्न मला आधीही एकदा विचारला होता. तो गुरुजींनी.

मी चौथीत होते त्या वर्षी शिरगणती झाली. आमच्या वाडीचं काम गुरुजींकडं होतं. दिवाळी झाली की आमची वाडी कोळशाच्या भट्टीवर जाते. म्हातारी माणसं, लहान पोरं, कोंबड्यासुद्धा. झोपडीच्या दाराला काटे लावतात आणि जातात. परत येतात पाऊस तोंडावर आला की. माणसं मोजायला सरकार येतं ते उन्हाळ्याच्या आधी. गुरुजी वाडीवर जाऊन आले, वर्गात उभे राहिले आणि आम्हा तीन कातकरी पोरींकडं बघून म्हणाले, "तुमच्या वाडीत एक कुत्रं सापडलं. तेवढंच लिहू का?"

वर्ग हसला. मीही हसले. सगळे हसत होते म्हणून.

भट्टीवर तरी कोण मोजतं? तिथं मुकादम जोडी मोजतो. नवरा-बायको मिळून एक. पोरं त्यात धरत नाहीत. पोरांनी लाकडं ओढली, पाला आणला, माती थापली, तरी धरत नाहीत. जोडीला भट्टीच्या आधी पैसे मिळतात, त्याला बयाणा म्हणतात. तो घेतला की माणूस मुकादमाचा. मुकादमाची वही असते. तेल, मीठ, तांदूळ, ताप आला तर गोळी, सगळं त्या वहीत जातं. हंगाम संपला की मुकादम वही उघडतो आणि सांगतो, अजून एवढे बाकी. पुढच्या दिवाळीला या. माझ्या आजानं बयाणा फेडला नाही. बापानं फेडला नाही. फिटतो असं आमच्या वाडीत कोणाच्या ऐकण्यात नाही.

चौथी झाल्यावर मला पेणला साहेबांच्या भावाकडं ठेवलं. साहेब-बाई बाळ झाल्यावर सुट्टीवर आले, तेव्हा बाळ माझ्याच हातून दूध प्यायचं. बाई म्हणाल्या, हिलाच नेऊ. बापाला बोलावलं. दोनशे रुपये दिले आणि तिकिटाच्या कागदावर अंगठा घेतला. तिकिटाचे पैसे मुलगी कामातून फेडेल. बापानं अंगठा लावला. त्याला ती रीत ठाऊक होती.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये मी इथं उतरले. विमानतळावरून घरी येईपर्यंत पासपोर्ट साहेबांच्या कोटात होता. घरी आल्यावर त्यांच्या टेबलाच्या खणात गेला.

माझी गादी तळघरात, गरम हवेच्या मशीनजवळ. आंघोळ तिथंच, कपडे धुवायच्या हौदाशी. माझं ताट, पेला, वाटी त्या हौदाखाली. घरभर झाडायचं, संडास घासायचे, बाळाचं सगळं करायचं. बाळाला मी पाजलेलं दूध चालायचं. कणकेला माझा हात चालायचा नाही. शिल्पा पहिल्या आठवड्यात मला मावशी म्हणाली होती. बाई म्हणाल्या, "मावशी नाही म्हणायचं. मावशी आपली असते." मग ती काहीच म्हणेना. "ए" म्हणायची, नाहीतर "हे."

ती वाईट मुलगी नव्हती. प्रोजेक्ट शाळेत दिल्यावर एकदा खाली आली, पायरीवर बसली आणि तिला जे माहीत होतं ते सांगत बसली. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. हे लोक आधीपासून इथले. गोरे आले तेव्हा पुष्कळ मेले, आजारानं, गोळीनं. जमिनी घेतल्या आणि त्यांना लहान-लहान जागा दिल्या. "पण आता ते टेंटमध्ये नसतात. खूप जण सिटीत राहतात. डेट्रॉइटमध्येपण आहेत. जॉब करतात. टीचरनं सांगितलं."

"शहरात?" मी विचारलं.

"येस. मी चार्टवर टेंट काढला ना, सो टीचरनं मार्क कट केले."

वरून बाई ओरडल्या. "शिल्पा! खाली काय करतेस? तिच्याशी काय गप्पा?"

"आय वॉज जस्ट टेलिंग हर स्टफ!"

"वर ये. वास लागेल कपड्यांना."

त्याच वसंतात अमेरिकेची शिरगणती होती. घरी टपालानं कागद आला होता. साहेबांनी तो भरला नाही. माझा व्हिसा सहा महिन्यांचा होता, पाहुणी म्हणून, आणि तो कधीच संपला होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच सांगितलं होतं, की दार कोणी वाजवलं तर उघडायचं नाही.

मेमध्ये एका दुपारी दार वाजलं. घरी मी आणि बाळ. मी खिडकीच्या पडद्याआडून बघितलं. एक बाई उभी होती. सावळी, रुंद तोंडाची, दोन वेण्या घातलेली, खांद्याला सरकारी पिशवी. माझ्या आत्याचं तोंड होतं ते. कपाळ, गालाची हाडं, डोळे बारीक करून बघणं, सगळं. मला वाटलं आमच्याकडून कोणी आलं. तिनं दाराला चिठ्ठी अडकवली, मागं सरकली आणि नेमकं माझ्या खिडकीकडं बघितलं. हात वर केला. मी पडदा सोडून दिला.

चिठ्ठी वाचून साहेब संध्याकाळी बाईंना म्हणाले, "सेन्सस. शनिवारी येणार पुन्हा. हिला खाली ठेव."

शनिवारी ती आली. मी बाळाला न्हाऊ घालत होते. बाईंनी ते माझ्या साबणाच्या हातांतून काढून घेतलं. "खाली जा. आवाज करू नकोस. मशीन बंद कर."

मी खाली गेले, पण सगळ्या पायऱ्या उतरून नाही. वरून तिसऱ्या पायरीवर थांबले. दार लोटलेलं होतं, बोटभर फट होती. साहेब, बाई, शिल्पा दारात. ती बाई उंबऱ्याबाहेर. तिला आत बोलावलं नव्हतं.

शिल्पाला राहवेना म्हणून ती बोलली. "आर यू अ रिअल इंडियन?"

"रिअल इनफ," ती बाई म्हणाली. "आय हॅव अ मॉर्गेज."

मॉर्गेज म्हणजे घराचा हप्ता, हे मला पुढं कळलं. तेव्हा मी एवढंच ऐकलं, की ही त्या पुठ्ठ्यावरच्या लोकांपैकी आहे. ज्यांच्याबद्दल हे लोक किती उरले म्हणून विचारत होते, त्यांतली एक बाई यांच्या दारात कागद घेऊन उभी होती. ही यांना मोजणार होती.

"हाऊ मेनी पीपल लिव्ह हिअर?"

"फोर," साहेब म्हणाले. "माय वाइफ, टू किड्स अँड मी."

तिनं लिहिलं. मग विचारलं, "एनीवन एल्स? लास्ट टाइम आय सॉ समवन ॲट द विंडो."

"नो वन," साहेब म्हणाले.

चौदा महिन्यांत मला जेवढं इंग्रजी आलं होतं त्यात हे दोन शब्द होते. फोन आला की बाई म्हणायच्या, नो वन. म्हणजे कोणी नाही.

पायरीवर उभी राहून मी घाबरले होते हे खरं आहे. पासपोर्ट खणात होता. बापाचा अंगठा कागदावर होता. मला या घराच्या रस्त्याचं नावसुद्धा धड येत नव्हतं. पण गुरुजींच्या वर्गात मी हसले होते ते मला आठवलं. कुत्र्यावर सगळा वर्ग हसला आणि मीपण दात काढले. पिसं बांधली तेव्हाही मी हलले नाही, कारण काका म्हणाले हलू नको. मला त्या पायरीवर स्वतःची किळस आली. बाईंची नाही, साहेबांची नाही. माझी.

तळघराच्या दाराला बाहेरून कडी नव्हती. कधीच नव्हती. मी दार ढकललं.

"फाइव्ह," मी म्हटलं.

कोणी ऐकलं नाही. आवाजच निघाला नव्हता. मी पुढं जाऊन बाईंच्या शेजारी उभी राहिले आणि हात वर केला, पाचही बोटं उघडून. साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"फाइव्ह."

साहेब हसले. "शी इज अ व्हिजिटर. गोइंग बॅक."

"नो," मी म्हटलं. "वर्क. फोर्टीन मंथ. स्लीप देअर." आणि खाली बोट दाखवलं.

बाळ रडायला लागलं आणि माझ्याकडं झेपावलं. बाईंनी त्याला दाबून धरलं. तेव्हा शिल्पा म्हणाली, "शी डज लिव्ह हिअर, डॅड."

त्या बाईनं साहेबांकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, या कागदावरचं कोणालाच जात नाही, पोलिसांनासुद्धा नाही. दोनदा म्हणाली, सावकाश, मला समजेपर्यंत. मग नाव विचारलं. मी माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं. वय अंदाजे सांगितलं. मग तिनं कागदावर बोट ठेवून विचारलं, तू कोणत्या लोकांतली?

साहेब घाईनं म्हणाले, "सेम ॲज अस. सेम ॲज अस. पुट द सेम."

चौदा महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांच्यासारखी झाले होते.

"कातकरी," मी म्हटलं.

तिनं पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं. तिनं ऐकून-ऐकून कागदाच्या कडेला लिहिलं. म्हणाली, "आय विल राइट इट. आय डोन्ट नो व्हॉट दे विल डू विथ इट." तिनं खोटी आशा दाखवली नाही. पेन पिशवीत घातलं आणि गाडीत बसून गेली. ती पुन्हा मला कधी भेटली नाही.

दार लागल्याबरोबर बाईंनी मला मारलं. कानावर. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात!"

साहेबांनी हात उचलला नाही. ते टेबलाशी गेले, एक वही घेऊन आले आणि वाचून दाखवू लागले. अशी वही आहे हे मला ठाऊक नव्हतं. महिन्याला पन्नास डॉलर माझ्या नावावर जमा. त्यातून जेवण वजा. कोट वजा, बूट वजा. खोकला झाला होता त्याचं औषध वजा, आणि ते साहेबांनीच दवाखान्यातून आणलं होतं. तळघराचं भाडं वजा. शेवटी त्यांनी रेघ मारली.

"तिकीट नऊशे डॉलर. सगळंच्या सगळं बाकी आहे. आधी ते ठेव आणि मग तोंड वर करून बोल."

मी वहीकडं बघत होते. इंग्रजी येत नसलं तरी मला ती सगळी वाचता आली. तेल, मीठ, तांदूळ, गोळी. सात समुद्र ओलांडून मी भट्टीवरच आले होते. फक्त इथला मुकादम डॉक्टर होता आणि त्याच्या हॉलमध्ये गालिचा होता.

"पोलिसांना फोन करू?" साहेब म्हणाले.

"करा," मी म्हटलं.

त्यांनी फोन केला नाही. मी पाच म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा मी जवळून पाहिला होता. भीती एकट्या मलाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. कोट वहीत लिहिलेला होता, म्हणजे तो माझा होता. तो घातला. बाळ वर रडत होतं. शिल्पा जिन्यात उभी होती. मोठ्या रस्त्यानं चालत गेले. तिथं पायी कोणी चालत नाही, गाड्यांतली माणसं वळून बघत होती. दुपारी त्या मोटेलवर पोचले. बाईंबरोबर गाडीतून जाताना ते मी पाहिलं होतं, बाहेर साडीतली बाई झाडत होती म्हणून लक्षात राहिलं होतं. गुजराती कुटुंबाचं होतं. मालकिणीनं हिंदीत विचारलं, "पासपोर्ट है?"

"नहीं."

"तो पैसा कम मिलेगा."

"मिलेगा?"

"मिलेगा. हर शुक्रवार."

ती कमीच द्यायची. ओरडायचीही. पण शुक्रवारी द्यायची, माझ्या हातात. रोज बावीस खोल्या. चादरी मी लिहून ठेवायचे, आधी मराठीत, मग इंग्रजी आकड्यांत. पहिले पैसे साठले तसं गुरुजींच्या पत्त्यावर बापाला पत्र टाकलं. या दिवाळीला बयाणा घेऊ नकोस, तांदळाला पैसे मी पाठवते. त्यानं घेतला. त्याचा विश्वास बसला नाही. पुढच्या दिवाळीला घेतला नाही. मुकादम दोनदा दारात येऊन गेला, असं गुरुजींनी लिहिलं.

नऊशे साठायला त्यामुळं अडीच वर्षं लागली. मोटेलमधली एक बाई म्हणाली, "वेडी आहेस का? कशाला देतेस? त्यानं तुला लुटलंय." खरं होतं. पण मला तो पासपोर्ट हवा होता. आणि बापाचा अंगठा त्या कागदावरून उठवायचा होता. माझ्या घराण्यात फिटलेला बयाणा कोणी बघितला नव्हता. मला तो बघायचा होता.

ब्याऐंशीच्या ऑक्टोबरमध्ये रविवारी मी गेले. आधी मला गराजच्या दारानंच आत घ्यायचे, या वेळी मी पुढच्या दाराची घंटा वाजवली. बाईंनी दार उघडलं. "गराजकडून..." एवढं म्हणाल्या आणि थांबल्या. मी आत गेले. पाहुणे होते. तेच नागपूरचे काका, चहा घेत. मला बरं वाटलं ते होते म्हणून.

साहेब म्हणाले, "काय हवंय?"

"बयाणा आणलाय," मी म्हटलं. आवाज निघाला. बारीक, पण निघाला. "बापाचा कागद आणि माझा पासपोर्ट आणा."

त्यांनी एकदा काकांकडं बघितलं. खण उघडून दोन्ही आणलं. मी दहा-दहाच्या, वीस-वीसच्या नोटा टेबलावर ठेवल्या. काही नोटांना अजून साबणाचा वास होता.

"असू दे," साहेब म्हणाले. "ठेव तिथं आणि जा."

"मोजा."

"अगं, ठीक आहे..."

"मोठ्यानं मोजा. मी उभी आहे."

काकांनी कप खाली ठेवला. साहेबांनी मोजायला घेतलं. वीस, चाळीस, साठ. मध्ये चुकले. मी म्हटलं, पहिल्यापासून. त्यांनी पहिल्यापासून मोजलं. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी कागद आणि पासपोर्ट कोटाच्या आत ठेवले. कागद मी तिथं फाडला नाही. तो मला वाडीत दाखवायचा आहे.

"पुढं आमच्यातलं कोणी तुमच्याकडून घेणार नाही," मी म्हटलं. "तुमच्या भावाकडूनही नाही. मी सगळ्यांना पत्रातून कळवलंय."

साहेबांनी शेवटची वीसची नोट ढिगावर ठेवली.

"नऊशे," ते म्हणाले. "पूर्ण झाले. झालं समाधान?"

"नाही," मी म्हटलं. "आता माझे चौदा महिने मोजा."